सोमेश्वरहून बोलतेय, ओव्हर

वत्सलाबाई मागच्या श्रावणात हरवल्या होत्या, असं त्यांचा मुलगा अमोल सांगतो. वत्सलाबाईंचं म्हणणं असं की त्या हरवल्याच नव्हत्या, अमोलला सापडत नव्हत्या, एवढंच. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक त्यांनी वर्षभर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर समजावून सांगितला होता.

झालं होतं असं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते. कुशावर्तावर स्नान करून निघायचं, डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि त्याला अख्खा वळसा मारून परत त्र्यंबकात यायचं. वत्सलाबाई लग्न होऊन नाशिकला आल्या त्या वर्षापासून ही फेरी घालत आल्या होत्या, आणि तीही अनवाणी. मागच्या वर्षी धाडोशी गावाच्या पुढे त्यांची सुरगाण्याच्या भागीबाईशी ओळख झाली. भागीबाईने त्यांना कुणा नातलगाच्या पडवीत नेऊन उपासाची भगर खाऊ घातली, दोघींच्या सुनांवरून विषय निघाला आणि मग त्याला अंत राहिला नाही. फोन कधीच मेला होता. जिवंत असता तरी त्या बाजूला त्याचा उपयोग पाटीपेक्षा जास्त नव्हता.

इकडे अमोलची पाचावर धारण बसली. तो त्र्यंबकातल्या मदत केंद्रावर गेला आणि त्याने माईकवरून पुकारायला लावलं. वत्सलाबाई तृप्त पोटाने गावात शिरल्या तेव्हा कर्ण्यातून आवाज येत होता, ‘‘नाशिकच्या वत्सलाबाई, हिरवं लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, कुणाला आढळल्यास इकडे आणून सोडावे. बाई थोड्या विसराळू आहेत.’’

हे अख्ख्या गावाने ऐकलं. महादेवाने ऐकलं, नंदीने ऐकलं. वत्सलाबाईंना भिशीतल्या बायकांच्या हप्त्यांपासून नवऱ्याच्या मावसबहिणीच्या नणंदेच्या बारशापर्यंत सगळं पाठ होतं. त्या बाईला विसराळू म्हणायचं, आणि तेही कर्ण्यावरून. त्यांनी मुलाला माफ केलं नाही. केल्यासारखं दाखवलं, कारण घरात राहायचं होतं.

यंदा श्रावण तोंडावर आला तसा अमोलने जेवताना विषय काढला.

‘‘आई, यंदा फेरी नको.’’

‘‘तू नको जाऊस,’’ वत्सलाबाई म्हणाल्या. ‘‘तुला कोण बोलावतंय?’’

‘‘मी सिरियसली बोलतोय. तिथे फोन लागत नाही. तू पुढे गेलीस की गेलीस. तुला माझ्याशी सतत बोलता आलं पाहिजे. तशी सोय झाली तर जा, नाही तर त्र्यंबकात गाडीत बसून दर्शन घे.’’

गाडीत बसून. वत्सलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांना मुलाचं एक वर्म ठाऊक होतं. अमोल सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. वस्तू मोजल्याशिवाय, आपटल्याशिवाय, पाण्यात बुडवल्याशिवाय पास करायची नाही, हा त्याचा धर्म. बायको निकिताच्या पोळ्यांनाही तो अजून शेरे देतो, आणि तरीही त्याला डबा मिळतो, यात निकिताचं मोठेपण आहे. असा माणूस नाही म्हणत नाही. तो टेस्ट घेतो. आणि टेस्ट म्हटली की पास व्हायची वाट असते.

‘‘कर सोय,’’ त्या म्हणाल्या.

अमोलने सोय केली ती ऑनलाइन. खोक्यातून दोन वॉकीटॉकी निघाले. काळे, विटेएवढे जड, वर हातभर अँटेना. खोक्यावर लिहिलं होतं, पाच वॅट, रेंज सोळा किलोमीटर. अमोलने तो कमरेला लावला आणि आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. चार्जरची पिन आपल्याकडच्या सॉकेटात जाईना, म्हणून तो पिन बदलून घ्यायला शाहनवाजकडे गेला. वत्सलाबाई बरोबर गेल्या, कारण त्यांना विटेबद्दल शंका होती.

शाहनवाज म्हणजे खातूनबीचा नातू. खातूनबी मागच्या गल्लीत राहायची, ब्लाउज शिवायची आणि वत्सलाबाईंचं कुठलंही माप न घेता बरोबर मापाचा ब्लाउज द्यायची. त्यातून दोघींची मैत्री. नातवाचं एम. जी. रोडला मोबाइलचं दुकान होतं. त्याने वीट हातात घेतली, उलटी केली, मागचं लेबल शोधलं आणि काउंटरवर ठेवून दिली.

‘‘काका, लायसन्स आहे का?’’

‘‘कसलं लायसन्स? वॉकीटॉकी आहे, बंदूक नाही.’’

‘‘याला लागतं,’’ शाहनवाज म्हणाला. ‘‘हा सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर जातो. चुकून पोलिसांच्या नाही तर अँब्युलन्सच्या चॅनलवर जाऊन बसलात तर काय? वायरलेसवाले सेट जप्त करतील, वर केस. याच्यावर सरकारी मंजुरीचा नंबरपण नाही. परत पाठवा.’’

‘‘अख्खी दुनिया वापरते रे.’’

‘‘अख्खी दुनिया पकडली नाही गेली अजून.’’

अमोलने मग परीक्षा देऊन हौशी रेडिओवाल्यांचं लायसन्स काढता येतं का ते विचारलं. शाहनवाज म्हणाला, येतं, पण ते तुम्हाला मिळणार, आजींना वेगळी परीक्षा द्यावी लागेल, आणि ते लायसन्स आईवर लक्ष ठेवायला देत नाहीत. हे ऐकून वत्सलाबाईंना हा मुलगा एकदम आवडला.

शेवटी शाहनवाजने काचेच्या कपाटातून दुसरी जोडी काढली. पिवळी, साबणाच्या वडीहून थोडी मोठी, अँटेना करंगळीएवढी आणि तीही कायमची चिकटवलेली. त्याने सांगितलं की चारशे शेहेचाळीस मेगाहर्ट्झच्या आसपास एक बारीकसा पट्टा सरकारने सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. सेट त्या पट्ट्यातला हवा, ताकद अर्ध्या वॅटच्या आत हवी, मॉडेलला मंजुरी हवी. मग लायसन्स लागत नाही. तो पट्टा सगळ्यांचाच, त्यामुळे आपलं बोलणं कुणीही ऐकू शकतं, एवढं लक्षात ठेवायचं.

‘‘रेंज?’’ अमोलने विचारलं.

‘‘कंपनी पाच किलोमीटर म्हणते. पण काका, खरं सांगू का...’’

‘‘ते मी टेस्ट करीन,’’ अमोल म्हणाला. दुकानदाराने सांगितलेलं ऐकून घ्यायची क्वालिटीवाल्यांत पद्धत नाही. तो कार्डाने पैसे देऊन बाहेर गाडी काढायला गेला.

वत्सलाबाई मागे रेंगाळल्या. ‘‘काय सांगणार होतास रे?’’

‘‘आजी, पाच किलोमीटर म्हणजे मोकळं रान, मध्ये झाडसुद्धा नाही, अशा ठिकाणी. नाशकात इमारतींमधून अर्धा, फार तर एक. या लाटा सरळ जातात, वळत नाहीत. जिथवर समोरचा दिसू शकेल साधारण तिथवर ऐकू येईल असं धरा.’’

‘‘आणि मध्ये डोंगर आला तर?’’

‘‘मग डोंगराशीच बोलायचं.’’

वत्सलाबाईंनी मनातल्या मनात फेरी आठवली. ब्रह्मगिरीच्या फेरीत दुसरं असतं काय? एक डोंगर मध्ये ठेवायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं. अमोलने सगळी पृथ्वी सोडून नेमकी जागा शोधली होती.

‘‘हे अमोलला सांगू नकोस,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मी खोटं बोलणार नाही, आजी. विचारलं तर सांगीन.’’

‘‘तो विचारणार नाही. त्याला सगळं येतं.’’

रविवारी टेस्ट ठरली. अमोल इमारतीच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसला. वत्सलाबाईंनी जेहान सर्कलवरून गंगापूर रोडने निघायचं, आनंदवल्लीवरून थेट सोमेश्वरपर्यंत जायचं आणि वाटेत बोलत राहायचं. सोमेश्वरहून आवाज आला तर फेरी मंजूर.

बटण दाबून ठेवलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं, बोलणं संपलं की ओव्हर म्हणायचं. वत्सलाबाईंना या यंत्रातली खरी गंमत पहिल्या दोन मिनिटांत कळली. बटण दाबलेलं असेपर्यंत समोरच्याला मध्ये बोलताच येत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपला मुलगा आपलं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतोय, हे पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी रस्ता ओलांडता ओलांडता त्याला बटाट्याचे भाव, निकिताची पाठदुखी आणि त्याच्या वडलांची एक जुनी चूक असं सगळं एका दमात ऐकवलं आणि मगच ओव्हर म्हटलं.

‘‘आई, फक्त लोकेशन सांग. ओव्हर.’’

‘‘गेटवर चार खुर्च्या कमी आहेत, कुणी बघतंय का?’’ मध्येच तिसराच आवाज आला. जवळच्या लॉन्सवर कुणाचा तरी वाढदिवस होता.

‘‘मी बघत नाहीये,’’ वत्सलाबाईंनी त्याला सांगितलं. ‘‘ओव्हर.’’

पेट्रोल पंपापर्यंत ठीक चाललं. पुढे अमोलचा आवाज तुटायला लागला आणि पुढच्या चौकात बंदच झाला. वत्सलाबाईंनी दोनदा बटण दाबलं. उत्तर नाही. आनंदवल्ली अजून बरीच लांब होती आणि सोमेश्वर तर त्याच्याही पुढे.

त्या पदपथावर उभ्या राहिल्या. आता असंच पुढे गेलं तर गच्चीवरचा साहेब मान हलवणार आणि तिसऱ्या सोमवारी आपण गाडीत, काच वर करून, मांडीवर केळी घेऊन बसणार. फेरीचे लोक बाजूने जातील आणि आपल्याकडे बघून पोरांना सांगतील, आजींना नमस्कार कर. मरणाची भीती त्यांना फारशी नव्हती. पण जिवंतपणी नमस्कार करून बाजूला ठेवतात त्याची होती.

त्या मागे फिरल्या, पंपाजवळून आतल्या रस्त्याने वळल्या आणि मागच्या गल्लीत खातूनबीच्या घरात जाऊन बसल्या. तिच्या खिडकीतून त्यांच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची.

‘‘आनंदवल्लीला आले,’’ त्यांनी सांगितलं. ‘‘ओव्हर.’’

‘‘एकदम क्लिअर,’’ अमोलचा आवाज आनंदाने फुटला. ‘‘मध्ये जरा गेला होता. मागे कसला आवाज येतोय? ओव्हर.’’

खातूनबीने शिलाई मशीन थांबवलं.

‘‘रिक्षा,’’ वत्सलाबाई म्हणाल्या. ‘‘खटारा आहे. ओव्हर.’’

खातूनबीने तोंडात पदर कोंबला. ‘‘बाई, इस उमर में इतना सफेद झूठ,’’ ती नंतर म्हणाली. ‘‘तुम्हारा उपवास भी है क्या आज?’’

‘‘आज रविवार आहे. उपास उद्या.’’

चहा झाला, खारी झाली, ब्लाउजचे हूक लावून झाले. सोमेश्वरला पोचायला लागेल तेवढा वेळ वत्सलाबाईंनी इमानदारीने काढला. मग खातूनबी मोरीत गेली, बादलीखाली नळ पूर्ण सोडला आणि मान डोलावली.

‘‘सोमेश्वरहून बोलतेय,’’ वत्सलाबाई ओरडल्या. ‘‘धबधब्याला पाणी मस्त आहे. ओव्हर.’’

‘‘ऐकू येतंय. आई, धबधबासुद्धा ऐकू येतोय.’’ अमोल गच्चीवर खुर्चीवरून उठला असावा. ‘‘टेस्ट पास. ओव्हर अँड आउट.’’

घरी आल्यावर निकिताने सासूच्या हातातली पिशवी पाहिली. ‘‘सोमेश्वरला ब्लाउज पण शिवून मिळतात वाटतं,’’ ती हळूच म्हणाली. निकिताने पिशवी घेतली, कपाटात खाली सारली आणि पोळ्या करायला गेली. त्या दिवशी वत्सलाबाईंनी सुनेच्या पोळ्यांची तोंड भरून स्तुती केली, आणि ती खोटी नव्हती.

तिसऱ्या सोमवारी पहाटेच सोसायटीची टोळी त्र्यंबकला पोचली. कुशावर्तावर पाय ठेवायला जागा नव्हती. निकिता पाठीमुळे त्र्यंबकातच थांबणार होती. अमोल मागून सावकाश येणार, आई आपल्या चालीने पुढे जाणार आणि गावागणिक बोलत राहणार, असं ठरलं होतं. निघाल्यापासून ते बोलणं नीट चाललं, कारण दोघांत चाळीस-पन्नास पावलांचंच अंतर होतं. मग अमोलला धाप लागायला लागली. क्वालिटीत बसून बसून माणूस असाच होतो. पहिने गावाच्या अलीकडे वत्सलाबाईंनी मागे पाहिलं तर तो गर्दीत दिसेनासा झाला होता. त्यांनी बटण दाबून काही विचारलं नाही. हायसं वाटलं त्यांना, खरं सांगायचं तर.

भुरभुर पाऊस, चिखल, उजवीकडे ढगात घुसलेला डोंगर, पुढेमागे हर हर महादेव. त्या अशा सुटल्या की पहिने कधी मागे पडलं ते त्यांना कळलं नाही. एका फराळाच्या मंडपात साबुदाण्याची खिचडी घेतली, तिथून पुढे दोन वळणं टाकून एका टपरीपाशी त्या चहाला थांबल्या, तेव्हा तळमजल्यावरचा रोहित मागून आला.

‘‘काकू, अमोलदादाचा पाय मुरगळला. दगडावरून घसरला. सुजलाय चांगला.’’

‘‘कुठे आहे तो?’’

‘‘पहिन्याच्या पुढे, तो फराळाचा मंडप आहे ना, त्याच्याही मागच्या वळणाला बसलाय. आम्ही थांबत होतो, पण तो म्हणाला तुम्ही व्हा पुढे, माझं आईशी वॉकीवर चालू आहे.’’ रोहितने बिस्किटासाठी हात पुढे केला. ‘‘बोलला ना तो?’’

वत्सलाबाईंनी पिवळ्या सेटकडे पाहिलं. तो मघापासून शांत होता. इतका शांत, की त्यांना बरं वाटलं होतं.

‘‘हो, हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू हो पुढे.’’

रोहित गेल्यावर त्यांनी बटण दाबलं. ‘‘अमोल. ओव्हर.’’ काही नाही. ‘‘अमोल, अरे बोल. ओव्हर.’’ मध्ये डोंगराची एक सोंड आडवी पसरली होती आणि तिला ओव्हर कळत नव्हतं.

सगळ्या फेरीत ही गोष्ट एकट्या वत्सलाबाईंना ठाऊक होती. अमोल मदत मागत नसणार, कारण त्याच्या मते आई ऐकत होती. मंडळी निर्धास्त होती, कारण त्यांच्या मते दोघं बोलत होते. आणि हा सगळा विश्वास खातूनबीच्या मोरीतल्या नळावर उभा होता. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी चहा तसाच ठेवला.

मग त्यांनी ती गोष्ट केली जी फेरीत कुणी करत नाही. त्या मागे फिरल्या.

फेरी उलटी चालायची नसते. डोंगर उजव्या हाताला, म्हणजे उजव्याच हाताला. इतक्या वर्षांत वत्सलाबाई विसरलेली छत्री आणायलासुद्धा चार पावलं मागे आल्या नव्हत्या. आता डोंगर डावीकडे होता, आणि अख्खा नाशिक जिल्हा समोरून अंगावर येत होता.

‘‘आजी, तोंड कुठं करून चालल्या?’’

‘‘अवं, उलटी फेरी लय वंगाळ,’’ एक बाई कळवळून म्हणाली. ‘‘पाप लागतं.’’

‘‘लागलं तर मला लागेल. तू चाल बाई,’’ वत्सलाबाई म्हणाल्या आणि तिच्या काखेखालून पुढे निसटल्या. मनातल्या मनात त्या महादेवाला सांगत होत्या की हे चाललेलं धरू नकोस, नाही तर आत्ताचं पाप लिही आणि मागचं विसराळू म्हणवून घेतलेलं त्यातून वजा कर.

वळणावर बंदोबस्ताचा पोलीस उभा होता. उलट्या दिशेने चाललेली म्हातारी आणि तिच्या मुठीत वॉकीटॉकी, हे त्याला एकदम पचलं नाही.

‘‘ओ आजी, थांबा. हे काय हाय? परवाना हाय का याला?’’

‘‘लागत नाही,’’ वत्सलाबाई धापा टाकत म्हणाल्या. ‘‘अर्ध्या वॅटच्या आतला आहे. चारशे शेहेचाळीसच्या मोकळ्या पट्ट्यातला. मागे मंजुरीचा नंबर आहे, बघा. अँटेना निघत नाही, ओढून बघा.’’

पोलिसाने लेबल पाहिलं, अँटेना ओढून पाहिली आणि सेट परत दिला. ‘‘कुणी हरवलंय का? आमच्या सेटवरून त्र्यंबकला कळवू का? माईकवरून पुकारतील.’’

वत्सलाबाईंच्या डोळ्यांपुढे ते क्षणभर तरळून गेलं. नाशिकचे अमोल, टक्कल, पिवळा रेनकोट, थोडे हट्टी आहेत. वर्षभर मनात घोळवलेली संधी अशी समोर चालून आली होती. पण ती त्यांना घेववेना.

‘‘नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो नाही हरवला. मीच लांब गेलेय.’’

सोंड ओलांडून फराळाचा मंडप दिसायला लागला आणि हातातला सेट एकदम जिवंत झाला.

‘‘...माईकवाल्याने स्वतःच्या मनाने लावलं ते,’’ अमोलचा आवाज बसलेला होता. बराच वेळ बोलत असलेल्या माणसाचा असतो तसा. ‘‘म्हणजे तसं नाही. मीच सांगितलं होतं त्याला. विसराळू म्हटलं की लोक लवकर लक्ष देतील असं वाटलं. बाबा गेल्यापासून तू जरा नजरेआड झालीस की मला काही सुचत नाही, आई. मी घाबरतो. हे मी घरी बोलू शकत नाही, कारण तू मध्ये बोलतेस. आत्ता तू रुसून बसली आहेस, ठीक आहे, बस रुसून. पण ऐकते आहेस ना, एवढं तरी सांग. नुसतं ओव्हर म्हण. ओव्हर.’’

वत्सलाबाई चिखलात उभ्याच राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि ते पावसाचं नव्हतं. त्यांनी बटण दाबायच्या आत दुसराच आवाज आला.

‘‘दादा, आई बोलतील. तुम्ही धीर धरा. आमच्याकडेही असलाच सेट आहे, आम्ही फराळाच्या मंडपात सगळे ऐकतोय. आमच्या आचाऱ्याला रडू आलंय. माणूस पाठवून जीप सांगितलीय, तासाभरात येईल. ओव्हर.’’

‘‘धन्यवाद,’’ अमोल ओशाळून म्हणाला. ‘‘पण ही आमची घरगुती बाब आहे. ओव्हर.’’

वत्सलाबाईंनी बटण दाबलं. ‘‘अमोल, आई बोलतेय.’’ मंडपात कुणी तरी टाळ्या वाजवल्या. ‘‘मी रुसले नव्हते. मला ऐकूच येत नव्हतं. हे यंत्र वळणापलीकडे चालत नाही. डोंगर मध्ये आला की संपलं. सोमेश्वरहून बोलले ते मी खातूनबीच्या घरून बोलले होते, आनंदवल्लीही तिथूनच, आणि धबधबा म्हणजे तिचा नळ होता. रिक्षा म्हणजे तिचं मशीन. तुला विचारून खोटं बोलता आलं नसतं, म्हणून न विचारता बोलले. आणि तू विसराळू म्हणालास त्याचा मला फार राग आला होता, अजून आहे, पण थोडा. ओव्हर.’’

‘‘म्हणजे मघापासून मी जे सगळं बोललो...’’ अमोलने विचारलं. ‘‘त्यातलं तू काय ऐकलंस? ओव्हर.’’

‘‘शेवटचं तेवढं. घाबरतो म्हणालास तिथपासून. ओव्हर.’’

‘‘मग ठीक आहे. तेच मुख्य होतं. तू आहेस कुठे आत्ता? खरं सांग. ओव्हर.’’

‘‘मंडपापाशी. छत्री वर करते बघ. ओव्हर.’’

त्यांनी छत्री उंच धरली. खालच्या वळणावर एका दगडावर पिवळा रेनकोट उभा राहायला गेला, मटकन खाली बसला आणि त्याने हात हलवला. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती, इतक्याच अंतरावर तो होता. दोघांनी सेट मात्र कानालाच धरले होते.

त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. घोटा वांग्यासारखा झाला होता. त्यांनी पदर फाडला नाही, कारण नवीन लुगडं होतं, अमोलचाच रुमाल ओला करून घट्ट बांधला. आता बटण नव्हतं, त्यामुळे दोघांनाही एकमेकांच्या मध्ये बोलायची भीती होती. मंडपातून कुणी तरी खिचडीचे द्रोण आणून दिले आणि अमोलकडे फार प्रेमाने बघून गेलं.

जीप आली. दोघा-तिघांनी अमोलला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. वत्सलाबाई मागे चढायला लागल्या.

‘‘तू कुठे?’’ अमोल म्हणाला.

‘‘कुठे म्हणजे? तुझ्याबरोबर.’’

‘‘मला काय झालंय? निकिता आहे त्र्यंबकात.’’ त्याने मान वळवली नाही. ‘‘तुझी फेरी राहिलीय.’’

वत्सलाबाईंचा एक पाय जीपच्या पायरीवर होता. ‘‘वळणापलीकडे ऐकू येणार नाही हं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘माहीत आहे.’’

‘‘फोनही लागत नाही.’’

‘‘माहीत आहे, आई.’’ त्याचा आवाज ऐकवत नव्हता, इतकं ते त्याला जड जात होतं. ‘‘भागीबाई भेटली तर तिला नमस्कार सांग. जेवून ये.’’

त्यांनी पाय खाली घेतला. डोंगर पुन्हा उजव्या हाताला आला आणि मघाशी ज्यांनी शिव्या घातल्या होत्या त्यांच्याच मागून त्या चालायला लागल्या. सोंडेपाशी पोचल्यावर त्यांनी बटण दाबलं. ‘‘वळणावर आले. ओव्हर.’’

‘‘दिसतेस,’’ अमोल म्हणाला. जीप अजून निघाली नव्हती.

त्या वळल्या, आणि सेट मुका झाला. त्यांनी तो पिशवीत टाकला नाही. टपरी आली तेव्हा त्यांनी तो तोंडापाशी धरून टपरी आली म्हणून सांगितलं. धाडोशीला धाडोशी आली म्हणून सांगितलं, पाऊस थांबल्याचं सांगितलं, पाय दुखत नसल्याचंही सांगितलं आणि प्रत्येक वेळी बटण सोडून थोडं थांबल्या. बरोबरच्या बायका हसत होत्या. सापगावला त्या एका बांधावर टेकल्या, पायांचा चिखल पुसला आणि बटण दाबून म्हणाल्या, ‘‘सापगावहून बोलतेय. ओव्हर.’’ कुणालाही ऐकू गेलं नाही, आणि त्या खरोखरच सापगावला होत्या.